लायरा गायब झाली म्हणून लेक रुसली, आता काय?

पत्र (थोडं कापून): ताई नमस्कार, मी शिरोली एमआयडीसीत सीएनसी मशीनवर असतो, राहायला कोल्हापुरात राजारामपुरीत. लेक सहावीला, इंग्लिश मिडियम. मे महिन्यात तिला 'हिज डार्क मटेरिअल्स'चा तीन पुस्तकांचा सेट आणला. पहिलं 'नॉर्दर्न लाइट्स' तिनं जेवताना ताटाशेजारी ठेवून संपवलं, त्यातली हिरोईन लायरा, लायरा लायरा करून आमचं डोकं खाल्लं. मग दुसरं 'द सटल नाइफ' उघडलं आणि लगेच बंद. म्हणे "पप्पा, सुरुवातीला तो विल कोण कुठला, मग लायरा आली, आली म्हणस्तोवर परत गायब, मी कंटाळलो." आता तिला डायरेक्ट तिसरं पाहिजे. मिसेस म्हणते पैसे घातलेत, क्रमानंच वाचायचं. मी सेकंड शिफ्टवरून आल्यावर दुसरं स्वतःच वाचून काढलं, इंग्लिश जेमतेम तरी, आणि आता वेगळंच टेन्शन आलंय. चौदाव्या चॅप्टरला जे होतं ते तिला आधी सांगून ठेवू का? त्यात मेव्हणा म्हणतो हे पुस्तक देवाच्या विरोधात आहे, मुलांच्या हातात देऊ नको. धाकटा सात वर्षांचा, तोही ऐकायला येऊन बसतो. काय करू?

उत्तर:

दादा, शिफ्ट करून येऊन लेकीचं पुस्तक आधी स्वतः वाचून काढणारा बाप मला पत्रातून पहिल्यांदाच भेटला, त्यामुळं निम्मं काम तुम्ही केलेलंच आहे, उरलेलं बोलू. (ज्यांनी ही पुस्तकं वाचली नाहीत आणि वाचायची आहेत त्यांनी इथंच थांबा, पुढं सगळं फोडलंय. आणि दादा, तुमचा मोबाईल लेकीच्या हातात देऊ नका आज.)

तुमची लेक कंटाळलेली नाही, ती चिडलीय. कंटाळलेलं पोरगं पुस्तक बाजूला ठेवतं आणि विसरतं, ते "लायरा गायब का" म्हणून भांडत नाही. अख्खं पुस्तक जिच्याबरोबर काढलं ती मैत्रीण शाळा सुरू झाल्यावर दुसऱ्याच पोराशेजारी बाकावर जाऊन बसली की जे वाटतं ना, तेच झालंय तिला. आणि गंमत अशी की लेखकानं हे मुद्दाम केलंय, चुकून नाही. 'नॉर्दर्न लाइट्स'च्या अगदी सुरुवातीला एक छोटी टीप आहे बघा, आपण सगळे ती न वाचताच पान उलटतो, त्यात फिलिप पुलमननं सरळ सांगून टाकलंय की पहिला भाग आपल्यासारख्याच पण वेगळ्या जगात घडतो, दुसरा आपल्या ओळखीच्या जगात, आणि तिसरा सगळ्या जगांमधून फिरणार. म्हणजे दुसऱ्यात घर बदलणार हे 1995 लाच छापलेलं होतं. ती टीप लेकीला दाखवा, भांडण थोडं लेखकाकडं वळू दे.

आता तो विल. लेक त्याला "कोण कुठला" म्हणते, पण तुम्ही पहिला चॅप्टर परत एकदा नीट बघा. बारा वर्षांचं पोरगं आईचा हात धरून तिला ओढत एका बाईच्या दारात नेतंय, आईला काही दिवस सांभाळा म्हणून, आणि ती बाई म्हणजे कोण तर त्याला पूर्वी पियानो शिकवायची ती, म्हणजे नात्यातलं, शेजारचं, हक्कानं जावं असं कुणीच नाही त्याला. आईच्या डोक्यात काहीतरी बिघडलंय हे त्याला कसं कळलं तेही आहे, सुपरमार्केटमध्ये आई म्हणते शत्रू मागावर आहेत, लपूया, आणि हा लहान असताना त्याला तो खेळ वाटतो, मजा वाटते, आणि मग हळूहळू लक्षात येतं की शत्रू बाहेर कुठं नाहीत, आईच्या मनात आहेत. तेव्हापासून हा पोरगा कुणाच्या नजरेत येणार नाही असं वागायला शिकतो, कारण लोकांना कळलं तर आईला घेऊन जातील. पहिल्या पुस्तकात बोलणारी चिलखती अस्वलं होती, उत्तर ध्रुवाकडचा बर्फ होता, बलून होतं. त्याच्यापुढं हे फिकं वाटणारच अकरा वर्षांच्या पोरीला. पण दादा, हे पान तुम्ही तिच्याबरोबर वाचा. आपल्याकडं घराघरात असं काहीतरी असतं, कुणाची आई, कुणाची आत्या, आणि पोरांना फक्त "बाहेर बोलायचं नाही" एवढंच सांगितलेलं असतं. ती काही विचारेल. विचारलं तर गप बस म्हणू नका, एवढंच.

पण माझ्या मते अख्ख्या दुसऱ्या पुस्तकाची चावी आहे ती जिथं विल आणि लायरा भेटतात तिथं, चित्तागाझ्झे नावाच्या त्या रिकाम्या गावात, जिथं मोठी माणसं उरलीच नाहीत, फक्त पोरं. विलजवळ डीमन (लायराच्या जगात प्रत्येकाचा आत्मा प्राण्याच्या रूपात शेजारी असतो, तो) दिसत नाही म्हणून लायरा आधी घाबरते, मग तो झोपल्यावर हळूच अ‍ॅलेथिओमीटर (खरं उत्तर देणारं ते तिचं यंत्र) काढून विचारते की हा मित्र का शत्रू. उत्तर येतं, हा खुनी आहे. आणि हे वाचून पोरगी घाबरायची सोडून निवांत होते! खुनी असला म्हणजे पळपुटा तरी नसणार, याच्याबरोबर जायला हरकत नाही. हे वाचून मी मोठ्यानं हसले होते, कारण ही शंभर टक्के पहिल्या पुस्तकातलीच लायरा आहे, इंचभरही बदललेली नाही. लेकीला सांगा, तुझी लायरा कुठं गेली नाही, फक्त आता तिच्याकडं बघणारं दुसरं कुणीतरी आलंय.

आणि तो बघणारा तिला काही सोडत नाही. कॉलेजात नोकरांच्या हातचं खाऊन वाढलेली ही, स्वयंपाक कधी केलेला नाही, विल तिला ऑम्लेट करून घालतो, वर भांडी घास म्हणतो, ऑक्सफर्डात जायचं तर आधी केस धू म्हणतो. पहिल्या पुस्तकात लायरा सगळ्यांवर हुकूम सोडत फिरली, इथं तिला कुणीतरी पहिल्यांदाच सांगतंय की अंगाला वास येतोय, जा धुऊन ये. तुमच्या लेकीला हे आवडेल का नाही माहीत नाही, पण मिसेसना नक्की आवडेल.

पुढं ऑक्सफर्डात अ‍ॅलेथिओमीटर तिला स्पष्टच सांगतं की आता तुझं काम त्या पोराला त्याचा बाप शोधून द्यायला मदत करणं, त्यातच लक्ष घाल. म्हणजे बघा, तुमची लेक ज्या गोष्टीवर रागावलीय ती गोष्ट खुद्द लायराला तोंडावर ऐकवलीय, की बाई ही गोष्ट आता तुझी एकटीची नाही. आणि लायराला ते पचत नाही. ती विलला दिलेला शब्द बाजूला ठेवून ऑक्सफर्डात भेटलेल्या शास्त्रज्ञ बाईंकडं, मेरी मलोनकडं, परत जाते, तिथं पोलिसांच्या बोलण्यात अडकते, विलची ओळख आहे हे तोंडातून निसटतं, तिथून पळते आणि एका गोड बोलणाऱ्या म्हाताऱ्याच्या रोल्स रॉइसमध्ये बसते, उतरेपर्यंत अ‍ॅलेथिओमीटर गेलेला. तो परत पाहिजे तर सुरी (पुस्तकाच्या नावातली, एका जगातनं दुसऱ्या जगात दार कापणारी) आणून द्या म्हणतो तो माणूस. आणि सुरी मिळवताना विलच्या डाव्या हाताची दोन बोटं जातात. धागा लावून बघा, कुठून सुरू झालं आणि कुठं पोचलं. पहिल्या पुस्तकात लायरा थापा मारून अस्वलांच्या राजाला गंडवते, त्याबद्दल तिला वर नाव मिळतं, आपण टाळ्या वाजवतो. दुसऱ्यात त्याच हुशारीचं बिल येतं आणि ते भरतो दुसराच. म्हणून मला हे पुस्तक तिन्हीत जास्त आवडतं, हे माझं मत, पहिल्याचे फॅन माझ्याशी भांडतात आणि भांडू देत.

आता डायरेक्ट तिसरं द्यायचं का, तर याला मी नैतिक वगैरे उत्तर देत नाही, सरळ व्यवहाराचं देते. लेकीला लायरा पाहिजे म्हणून ती दुसरं टाळतीय ना? तर तिसऱ्याच्या, म्हणजे 'दि अँबर स्पायग्लास'च्या, पहिल्या डझनभर चॅप्टरमध्ये लायरा हिमालयातल्या एका गुहेत झोपलेली आहे. आईनं औषध देऊन झोपवून ठेवलंय. मधनंमधनं तिची स्वप्नं येतात, बास. आणि तिला सोडवायला कोण निघालंय तर विल, जो आता तुमच्या लेकीच्या लेखी "कोण कुठला". म्हणजे दुसरं उडवून तिसरं धरलं तर लायरा झोपलेली, विल अनोळखी, सुरी काय ते माहीत नाही, ती शास्त्रज्ञ मेरी मलोन वेगळ्याच जगात काय करतीय ते कळणार नाही. हे तिला असंच सांगा, स्पॉयलर झाला तरी चालतंय, आणि मग निर्णय तिच्यावर सोडा.

मिसेसचं म्हणणं, पैसे घातलेत म्हणून वाचायचं. वहिनींना माझा नमस्कार सांगा, पण पैशासाठी पोरीला वाचायला लावलं तर पुस्तक होमवर्क होतं आणि मग तीन काय, तीसही वाया. पुस्तकं कुठं पळून जात नाहीत. पुढच्या वेळी मात्र सेट घ्यायच्या आधी पहिला भाग कुठं वाचायला मिळतोय का ते बघा, करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासून आपल्या गावात आहे आणि लहान पोरांना घेऊन तिथं नुसती चक्कर मारली तरी चालते, घरी येताना पोरगं काहीतरी मागतंच.

तर करायचं काय. ती जिथं अडकलीय ते ठिकाण मला पत्रावरनंच कळलं, पहिल्या चॅप्टरच्या शेवटाकडं लायरा येते आणि दुसरा चॅप्टर एकदम चेटकिणींकडं जातो, त्यांची राणी सेराफिना, जहाज, छळ, सगळं अंधारातलं. पोरगी तिथंच भडकली असणार. तर तो दुसरा चॅप्टर सध्या उडवा. हो, खुशाल उडवा, साहित्यातल्या जाणकारांनी मला शिव्या द्याव्यात. पहिल्यानंतर थेट तिसरा घ्या, तिथं विल आणि लायराच आहेत, सलग वाचलं जातं, आणि सहावा यायच्या आत कधीतरी मागं जाऊन दुसरा वाचायचा कारण सहाव्यात परत चेटकिणींची मंडळी येतात. तोपर्यंत तिला स्वतःलाच विचारावंसं वाटेल की सेराफिना गेली कुठं. आणि काही आवृत्त्यांत पानाच्या कडेला छोटं चिन्ह छापलेलं असतं, कुठल्या जगात आहोत ते कळायला, तुमच्या सेटमध्ये असलं तर तिला ते शोधायला सांगा, पोरांना असलं काहीतरी पाहिजेच असतं.

तिसरा चॅप्टर तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी. इंग्लिश अडखळत असेल तर अडखळू दे, उलट बाप अडखळला की पोरं पुस्तक हातातनं ओढून घेतात आणि म्हणतात द्या इकडं मी वाचतो. तेच पाहिजे आपल्याला. एकूण पंधराच चॅप्टर आहेत, पहिल्यात तेवीस होते आणि तिसऱ्यात अडतीस, तिन्हीत हे सगळ्यात लहान पुस्तक आहे, हेही तिला सांगून ठेवा.

आता चौदावा. मला कळतंय तुमचं टेन्शन का आहे, ली स्कोर्स्बी तिचा लाडका असणार, टेक्सासचा तो बलूनवाला कुणाचा लाडका नसतो. दरीत एकटा माणूस, हातात रायफल, शेजारी ती म्हातारी ससा डीमन हेस्टर, समोर सैनिक येतच आहेत, आणि दोघंही शेवटपर्यंत एकमेकांशी बोलत असतात. मी तिथं पुस्तक मिटून उठून गॅलरीत गेले होते. तर माझं उत्तर, सांगू नका. काय होणार ते सांगितलं की ती तो चॅप्टर वाचणार नाही, किंवा वाचला तरी पोट घट्ट धरून वाचेल आणि त्यातलं प्रेम तिला दिसणार नाही, फक्त मरण दिसेल. पण एवढं सांगा की "चौदावा आपण दोघं मिळून वाचायचा, माझी फर्स्ट शिफ्ट असेल त्या आठवड्यात." पोरं हुशार असतात, त्यातनं ती काय ओळखायचं ते ओळखेल, आणि तयारी करेल आपल्या पद्धतीनं. रात्री अकराला चादरीत मोबाईलच्या उजेडात एकटी वाचत बसेल असं होऊ देऊ नका. संध्याकाळी वाचा, पुढं जेवण असू दे, घरात माणसं असू देत. रडली तर रडू दे, "अगं गोष्टच आहे ती" हे वाक्य मात्र कुणी तोंडातनं काढायचं नाही, आजीनंसुद्धा.

पंधरावा त्याच रात्री नको, दुसऱ्या दिवशी. कारण तिथं परत एक धक्का आहे, ज्या बापासाठी विल सगळीकडं फिरला तो सापडतो आणि ओळख पटते त्याच क्षणी जातो. आणि धावत परत यावं तर लायरा नाही. संपलं पुस्तक. धड शेवट नाहीच, दार उघडं टाकून लेखक निघून गेलाय. तुमची लेक तेव्हा दुसऱ्यांदा चिडेल आणि यावेळी बरोबर कारणासाठी. हे पुस्तक आलं 1997 ला आणि तिसरं आलं 2000 ला, म्हणजे तेव्हाच्या पोरांनी तीन वर्षं लायरा कुठं गेली याचा विचार करत काढली. तुमच्याकडं कपाटात तयार आहे. लगेच मागितलं तर लगेच द्या, संयम वगैरे शिकवायला ही जागा नाही. आणि तिसऱ्यात एक भट्टीवरचा चॅप्टर आहे, लोखंड तापवणं, जोड देणं, धार, सगळं, तो तुम्ही चुकवू नका. आयुष्य मशीनवर गेलेल्या माणसाला त्यात काय दिसेल ते मला पत्रानं कळवा, मला खरंच ऐकायचंय.

मेव्हण्यांचं. खोटं बोलत नाहीत ते, हे पुस्तक धर्माच्या नावानं चालणाऱ्या सत्तेशी भांडतं, आणि तिसऱ्यात तर उघड भांडतं. दुसऱ्यात त्या सत्तेविरुद्धच्या युद्धाची तयारी आणि चर्चाच जास्त. मालिकेचं नावसुद्धा मिल्टनच्या 'पॅराडाइज लॉस्ट'मधनं घेतलंय, म्हणजे भांडण जुनं आहे. पण दादा, 1899 साली पंचगंगेच्या घाटावर महाराजांसाठी वेदोक्त म्हणायचं की पुराणोक्त यावरनं ज्या गावात एवढा मोठा वाद पेटला आणि शाहू महाराजांनी तो शेवटाला नेला, त्या गावातल्या पोरीनं धर्माच्या ठेकेदारांना प्रश्न विचारणारी गोष्ट वाचू नये हे मला काही पटत नाही. देवावर श्रद्धा असलेल्या पोरीची श्रद्धा एका गोष्टीनं जात नाही. मेव्हण्यांना पहिला भाग वाचायला द्या. वाचून बोलले तर ऐका, न वाचता बोलले तर चहा पाजा.

आणि एवढं सगळं करूनही ती म्हणाली नाही वाचत, तर सोडून द्या वर्षभर. किंवा तिला दुसरंच एक मधलं पुस्तक द्या, उर्सुला ले ग्विनच्या अर्थसी मालिकेतलं 'द टूम्ब्स ऑफ अटुआन', 1971 चं. तिथं तर पहिल्या भागाचा हिरो गेड कितीतरी वेळ येतच नाही, सगळं एका मुलीच्या डोळ्यांनी चालतं, जिला लहानपणीच घरातनं उचलून काही अनाम शक्तींची पुजारीण केलंय आणि जी जमिनीखालच्या अंधाऱ्या वाटा हातानं चाचपत पाठ करते. तिच्या त्या अंधारात एक दिवस कुणाचातरी उजेड दिसतो, तो गेड. पहिला भाग न वाचतासुद्धा हे वाचता येतं. ते लहान आहे आणि मुलगीच हिरोईन आहे, म्हणजे तक्रारीला जागा नाही.

राहिला धाकटा. सात वर्षांचा म्हणताय तर पहिला आणि तिसरा चॅप्टर ऐकू दे, ऑम्लेट आहे, मांजर आहे, हवेत पंजा मारून एकदम नाहीसं होणारं मांजर त्याला फार आवडेल. चेटकिणींचा दुसरा, मिनारातला आठवा आणि तो चौदावा, या तिन्हीला त्याला आजीकडं पाठवा, बोटं तुटतात तिथं तरी नक्कीच. नाहीतर रात्री तीनला तो तुम्हाला उठवणार आणि सकाळी सहाला तुमची शिफ्ट.